"वहिनी, कबड्डी आहे ही, बुद्धिबळ नव्हे!"

पत्र:

सर, नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली. माझा मुलगा अकरावीला आहे, कुमार गटातून कबड्डी खेळतो, डावा कोपरा. तीन आठवड्यांमागं जत्रेच्या सामन्यात पकड करताना चढाई करणाऱ्याचा गुडघा त्याच्या कानशिलात बसला. पोरगं आडवं झालं. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला आणि दोन मिनिटांत परत खेळायला लावलं. पुढं त्याला आपली बाजू कुठली तेच कळेना. एकदा तर समोरच्यांच्या राखीव खेळाडूंत जाऊन बसला. लोक हसले. रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. पण अजून पुस्तक उघडलं की डोकं दुखतं, उजेड नको म्हणतो, बहिणीवर विनाकारण ओरडतो. निवड चाचणी बारा दिवसांवर आली आहे आणि तो जाणारच म्हणतो. डोक्याला लागलं तर काही नियम आहे का, असं मी संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, कबड्डी आहे ही, बुद्धिबळ नव्हे. लागायचंच." आम्ही चार-पाच आयांनी मिळून अर्ज द्यायचं ठरवलंय. मालक म्हणतात, अर्ज दिलास तर पोराचं नाव कापतील. अशा अर्जाचा खरंच उपयोग होतो का? मोठ्या खेळांत तरी ह्या लोकांना कोण जागं करतं?

एक आई

उत्तर:

ताई,

अर्जाचं मागाहून बघू. आधी चाचणीचं. तो चाचणीला जाणार नाही, हे आज रात्री जेवताना सांगून टाका. रडेल, ताटावरून उठेल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल.

मी डॉक्टर नाही, तीस वर्षं शाळेत खेळाचा तास घेतलेला माणूस आहे. पण तुम्ही लिहिलेली एकूण एक खूण मेंदूला बसलेल्या हादऱ्याची आहे, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. आपल्याकडं ह्याला मुका मार म्हणतात आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो. रक्त नाही, टेंगूळ नाही, त्यामुळं कुणाला काही दिसत नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे आत रक्तस्राव नाही, कवटी फुटलेली नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. पण हादऱ्यानं मेंदूच्या कामात जो बिघाड होतो तो त्या फिल्मवर उमटत नाही. डेअरीला जाणारा दुधाचा कॅन डोळ्यांसमोर आणा. गाडी खड्ड्यात आदळली तरी कॅनला पोचा येत नाही, झाकण जागेवर असतं, पण आत दूध हिंदकळायचं ते हिंदकळतंच. म्हणून कुणी उद्या "डोक्याला टोपी घालून खेळव" असा सल्ला दिला तर तोही मनावर घेऊ नका. हेल्मेट कवटी वाचवतं, आतलं हिंदकळणं थांबवत नाही.

तीन आठवड्यांनंतरही त्रास आहे, तेव्हा सांगलीला किंवा मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मिरजेला काय डॉक्टरांची वाण नाही. मधल्या काळात डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, झटका आला, एखादा हात-पाय लुळा वाटला, बोलणं जड झालं किंवा झोपेतून उठवायला अवघड जाऊ लागलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. एरवी त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नसते. पहिले एक-दोन दिवस पुरती विश्रांती, मग चालणं, थोडा थोडा अभ्यास, त्रास वाढला की थांबायचं, असं आता डॉक्टर सांगतात. मोबाइलबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण असणारच. तो कमी करा. कॉलेजात वर्गशिक्षकांनाही कल्पना द्या, नाहीतर चिडचिडीचा अर्थ तिकडं वेगळाच लावतील.

ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी आणि शालेय खेळांसाठी सूचना निघाल्या. त्यांत असा हादरा बसल्यावर किमान २१ दिवस स्पर्धा नाही, आणि तेही त्रास पुरता थांबला असेल तरच, असं लिहिलंय. तुमच्याकडं २१ दिवस झाले असतील, त्रास थांबलेला नाही. म्हणजे त्या हिशोबानंही चाचणी बसत नाही.

एवढा हट्ट कशासाठी ते सांगतो. पहिला हादरा ओसरायच्या आत दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला अचानक सूज येऊ शकते. क्वचित होतं, पण झालं की वेळ देत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ च्या जानेवारीत बेंजामिन रॉबिन्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात असाच पुन्हा पुन्हा मार खाऊन खेळत राहिला आणि गेला. त्याच्या आईवडलांनी पुढं काय केलं, ते तुमच्या अर्जाशी जोडलेलं आहे, म्हणून त्याच्याकडं परत येईन.

त्याआधी माझं एक. नव्वदच्या दशकात मी स्पर्धेत पंच होतो. एक मुलगा डॅश, म्हणजे अंगाचा जोरदार धक्का, बसून पडला. मी सामना थांबवला, कुणीतरी कळशीभर पाणी ओतलं, मी विचारलं, "खेळतोस का रे?" तो म्हणाला, "खेळतो की." मी शिट्टी मारली. दुसऱ्या दिवशी कळलं, तो एस.टी.त बसला आणि स्वतःच्या गावचा थांबा ओलांडून पुढं गेला. कंडक्टरनं शेवटच्या थांब्यावर उतरवला तेव्हा कुठं जायचं होतं ते त्याला आठवेना. पोरगं सुधारलं, आज त्याचं खताचं दुकान आहे. पण "खेळतोस का" हा प्रश्न मी कुणाला विचारला होता? ज्याला स्वतःचं गाव आठवत नव्हतं त्याला.

तेव्हा तुमच्या त्या पदाधिकाऱ्यांवर मी फार दगड मारणार नाही. त्यांना वाईट माणूस म्हणायची घाई तुम्हीही करू नका. पण "कोण जागं करतं" ह्या प्रश्नाचं उत्तर ऐका.

सगळ्यांत श्रीमंत उदाहरण अमेरिकेचं. तिकडचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू घेऊन एकमेकांवर आदळायचा खेळ. त्यांच्या लीगनं, एनएफएलनं, १९९४ साली डोक्याच्या दुखापतींवर स्वतःची समिती नेमली. अध्यक्ष कोण? संधिवाताचे डॉक्टर. म्हणजे गुडघ्याच्या वैद्याला मेंदूचा निवाडा. ही समिती वर्षानुवर्षं लेख छापत राहिली, की हादरा बसलेला खेळाडू त्याच सामन्यात परत उतरला तरी विशेष धोका नाही. इकडं माइक वेबस्टर नावाचा नामांकित खेळाडू निवृत्तीनंतर भ्रमिष्टासारखा राहून २००२ साली पन्नाशीत गेला. शवविच्छेदन करणाऱ्या बेनेट ओमालू ह्या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांना त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांच्या खुणा सापडल्या. त्यांनी २००५ मध्ये ते छापलं. समितीतल्या डॉक्टरांनी काय करावं? लेख मागे घ्या, असं नियतकालिकाला पत्र! नियतकालिकानं घेतला नाही. पुढं २००९ मध्ये अमेरिकी संसदेच्या सुनावणीत लीगच्या प्रमुखांना धारेवर धरलं गेलं, एका महिला सदस्यानं तर तंबाखू कंपन्यांशी तुलना केली. त्याच वर्षाच्या शेवटी लीगच्या प्रवक्त्यानं पहिल्यांदा कबूल केलं, की ह्या हादऱ्यांचे दूरचे परिणाम होतात. १९९४ ते २००९, पंधरा वर्षं.

मग साडेचार हजारांवर माजी खेळाडू कोर्टात गेले. २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली. न्यायाधीशांना एवढे पैसे सगळ्यांना पुरतील असं वाटेना, म्हणून पुढं ती मर्यादाच काढावी लागली. पैसे द्यायची वेळ आली तेव्हाही मेख होतीच. कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी धरून नुकसान मोजलं जात होतं, त्यामुळं त्यांचं नुकसान कागदावर कमी दिसायचं. ते बंद करू असं लीगनं कबूल केलं २०२१ साली. मोजपट्टी कुणाच्या हातात आहे हे म्हणून बघावं लागतं, ताई.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ह्याहून संथ. जेफ ॲस्टल हा डोक्यानं गोल मारण्यात पटाईत खेळाडू २००२ मध्ये गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं कारण लिहिलं, व्यवसायामुळं झालेला आजार. फुटबॉल संघटनेनं अभ्यास करू म्हटलं. तो अभ्यास ग्लासगोहून प्रसिद्ध झाला २०१९ साली. माजी व्यावसायिक खेळाडू मेंदू झिजण्याच्या आजारांनी दगावण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट निघालं. २०२० मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात डोक्यानं चेंडू मारायला लावू नका, अशी सूचना निघाली. मधल्या सतरा वर्षांत हा विषय मरू दिला नाही तो कुणी, तर ॲस्टलच्या घरच्यांनी, त्याची मुलगी डॉन हिनं.

क्रिकेटचं तुम्हाला ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज नोव्हेंबर २०१४ मध्ये मानेवर उसळता चेंडू बसून गेला. डोक्याला लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू फलंदाजी-गोलंदाजीसह उतरवायला आयसीसीनं आंतरराष्ट्रीय सामन्यांत परवानगी दिली ऑगस्ट २०१९ पासून. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला. आणि नियम झाला की त्याच्या फटीही शोधल्या जातात. २०२५ च्या जानेवारीअखेर पुण्याच्या सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला आणि बदली म्हणून आला हर्षित राणा. दुबे फलंदाजी करून थोडी गोलंदाजी टाकणारा, राणा अस्सल वेगवान गोलंदाज. त्यानं तीन बळी घेतले, इंग्लंडचा कर्णधार वैतागला, आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

आता तुमच्या कामाचं. ह्या सगळ्यांत सगळ्यांत लवकर जे हललं ते करोडोंच्या दाव्यानं हललं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा २००६ मध्ये शाळेच्या, त्याच लंबगोल चेंडूच्या सामन्यात डोकं आपटून पडला. थोडा वेळ बाहेर बसवून त्याला परत उतरवलं. सामना संपल्यावर तो कोसळला, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, पुन्हा बोलायला आणि चालायला शिकायला त्याला वर्षं लागली. त्याच्या आईवडलांनी आणि डॉक्टरांनी एक छोटा कायदा मागितला. तीनच कलमं: हादऱ्याची शंका आली की खेळाडू बाहेर; लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत आत नाही; आणि दर हंगामाआधी पालक व खेळाडू ह्या माहितीवर सही करणार. २००९ मध्ये तो झाला आणि २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तशाच धर्तीचे कायदे आले. गंमत पुढं आहे. पंधरा वर्षं कानावर हात ठेवलेल्या त्याच एनएफएलच्या प्रमुखांनी २०१० मध्ये राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली, की असा कायदा करा!

का लिहिली? एकाएकी माया आली असेल असं मला नाही वाटत. सगळीकडून टोचणी लागलेली असताना, ज्याला पैसा लागत नाही आणि ज्याला "हो" म्हटलं की चारचौघांत बरं दिसतं, असं काहीतरी आयतं समोर आलं. संघटना मग ती न्यूयॉर्कची असो की वाळव्याची, तिला "तुमचं चुकलं" हे कबूल करायला जड जातं, पण तयार मसुद्यावर सही करायला तितकं जड जात नाही. बेंजामिन रॉबिन्सनच्या आईवडलांनीही तेच केलं. मुलाचा मृत्यू कशानं झाला ते चौकशीत नोंदवून घेतलं, आणि मग शाळा, संघटना, सरकार ह्यांच्यामागं लागून शंका आली तर मुलाला बाहेर बसवा, एवढंच पुन्हा पुन्हा मागत राहिले. स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून सगळ्या खेळांना मिळून तशी एकच सूचना आहे.

म्हणून तुमच्या अर्जात "माझ्या मुलावर अन्याय झाला" हे नको. ते खरं आहे, पण त्यावर समोरचा लगेच बचावाला उभा राहतो. त्याऐवजी असं लिहा: "सामन्यात डोक्याला मार बसून खेळाडू पडला, गोंधळला किंवा पंचांना तशी शंका आली, तर त्या दिवशी तो पुन्हा खेळणार नाही. परत खेळण्यासाठी डॉक्टरांचं लेखी पत्र लागेल. खेळाडूची नोंदणी करताना ह्या नियमाच्या कागदावर पालकांची व खेळाडूची सही घ्यावी." बस. 'शंका' हा शब्द खोडू देऊ नका. आणि निर्णय पंचांचा असेल, प्रशिक्षकाचा नव्हे. ज्याला शेवटच्या पाच मिनिटांत दोन गुण हवेत त्याला पोराच्या डोळ्यांत बघायला सवड नसते. डॉक्टरांच्या पत्राचं म्हणाल तर ओळखीच्या दवाखान्यातून फिट असल्याचं पत्र आणणं आपल्याकडं किती अवघड आहे हे तुम्हालाही माहीत आहे. तरी कागद असला की कुणाची तरी सही अडकते, आणि सही करताना माणूस जरा थबकतो.

"असा नियम केला तर संघाचं नुकसान होईल" असं म्हणतील. गोल चेंडूच्या फुटबॉलमध्ये हे म्हणायला निदान जागा होती. तिथं बदली खेळाडू मोजके, म्हणून खेळाडू संघटना तपासणीपुरता तात्पुरता बदली मागत होती आणि नियम करणारे नाही म्हणत राहिले. कबड्डीत ती अडचण आहे कुठं? बारांचा संघ, सात आत, पाच राखीव बाहेर बसलेलेच असतात. आणखी एक बघा. बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो आणि आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की क्रमानं परत येतो. पकडीत मार बसलेला गडी बाद झाला असेल तर तो त्या जागेवर निवांत बसलेला असतो, आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही, सगळ्यांचे डोळे चढाईवर. नंबर आला की पोरगं उठून आत. तिथंच एखाद्यानं जाऊन विचारायचं: आत्ता गुण किती झाले? शेवटची चढाई कुणी केली? हे कुठलं गाव? उत्तर अडखळलं की संपलं, आज बसून राहा. मंडप, मॅट, लाइट, बक्षिसं ह्यांच्या खर्चात ह्याची एक पै वाढत नाही. हे अर्जात जरूर लिहा. विरोधाला ह्याच मुद्द्यावर सगळ्यांत कमी जागा आहे.

"आम्ही समिती नेमतो" असं उत्तर आलं तर आनंदानं मान डोलवा आणि दोनच गोष्टी विचारा. समितीत डॉक्टर कुठले, आणि तारीख कोणती. अमेरिकेच्या संधिवातवाल्यांची आठवण ठेवा.

मालकांच्या भीतीला मी हसणार नाही. ती खरी आहे. नाव कापणार नाहीत असं वचन मी कुठून देऊ? पण चार-पाच आयांऐवजी पंधरा-वीस सह्या असू देत, त्यांत बापांच्याही. एक-दोन जुने खेळाडू घ्या. प्रत्येक गावात गुडघे गेलेला, पण मैदानावर शब्दाला वजन असलेला एकजण असतोच. अर्ज कार्यवाहांना समक्ष द्या आणि पोच घ्या, शालेय स्पर्धांसाठी एक प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. वर्तमानपत्रात इतक्यात नको. ते पान हातात राखून ठेवा. मुलाच्या नावाचा वेगळा, दोन ओळींचा अर्ज द्या: वैद्यकीय कारणास्तव ह्या चाचणीला गैरहजर, डॉक्टरांचं पत्र सोबत. म्हणजे उद्या "तो आलाच नाही" असं कुणाला म्हणता येणार नाही.

आणि संघटनेच्या आधी तुमच्या जत्रा समितीकडं जा. हे मला सगळ्यांत सोपं वाटतं. संघटनेला सभा, ठराव, वरची परवानगी लागेल. जत्रा समितीला काय लागतं? पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत "पंचांचा निर्णय अंतिम राहील" ह्याच्याखाली आणखी एक ओळ. मालकांना बरोबर न्या. तिथं ते तुमच्याहून जास्त माणसं ओळखत असतील, आणि त्यांच्याही मनातली भीती थोडी कमी होईल. एका गावच्या पत्रिकेत ती ओळ आली की शेजारचं गाव मागं राहत नाही, आपल्या भागाचा हा गुण म्हणा की दोष.

राहता राहिला मुलगा. तो तुमच्यापासून लपवेल. "आता दुखत नाही" म्हणेल, गोळी तुमच्या पाठीमागं घेईल. ह्यात त्याला खोटारडं ठरवू नका. कोट्यवधी कमावणारे खेळाडूही जागा जाईल म्हणून हेच करत आलेत. मैदानापासून पुरतं तोडलंत तर तो जास्त लपवेल. डॉक्टर हरकत नाही म्हणाले तर संध्याकाळी मैदानावर जाऊ दे, कडेला बसू दे, मात्र सराव नाही, गमतीतली पकडसुद्धा नाही. त्याच्या हातात वही द्या. डाव्या कोपऱ्यातून त्याच्या संघाच्या किती पकडी होतात, किती सुटतात आणि का, ते लिहू दे. डोकं दुखायला लागलं की वही मिटायची, हा करार आधीच करून घ्या.

डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. अर्जाचा मसुदा पाठवलात तर सही करायला मीही आहे. निवृत्त क्रीडाशिक्षक आणि माजी पंच असं नावाखाली लिहा, आणि हवं असेल तर तो एस.टी.चा किस्साही.